जुनं चेरोकी, तीन भागीदार: टूरिंगच्या विमानाच्या प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२४, कोलंबस, ओहायो

आज आकडा पक्का झाला. तीन भागीदार, प्रत्येकी ३०,००० डॉलर, एकूण ९०,०००. विमानाची किंमत, तपासणी, विमा, पहिल्या वर्षाचं हँगर आणि इंजिनासाठी राखून ठेवायची रक्कम, सगळं याच पैशात बसवायचं. म्हणजे विमानावर ६५,०००च्या पुढे जायचं नाही. सगळी पुंजी खरेदीतच घातली तर पहिला सिलिंडर बिघडला की विमान जमिनीवर आणि हँगरभाडं चालूच. अशी मोडलेली भागीदारी मास्तरांनी जवळून पाहिली आहे.

मास्तर म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त शाळाशिक्षक. ते चाळीस वर्षांहून जास्त काळ उडवतायत. दुसरा भागीदार माझा मावसभाऊ, दादा. आम्ही दोघं क्लबच्या विमानांवर शिकलो. क्लबचं विमान तासाच्या भाड्याने मिळतं, पण शुक्रवारी नेऊन सोमवारी आणायचं म्हटलं तर जमिनीवर उभ्या दिवसांचेही किमान तास भरावे लागतात. टूरिंग त्यात बसत नाही.

आम्हाला कुठे जायचंय तेही लिहून ठेवलं: लेक ईरीतली बेटं, मिशिगनमधलं मॅकिनॅक बेट, आणि अ‍ॅपलाचियन डोंगर ओलांडून किटी हॉक. मॅकिनॅक इथून सरळ रेषेत साधारण ३६० नॉटिकल मैल, म्हणजे ११५ नॉटने तीन तासांचा प्रवास. मोटारीने अख्खा दिवस जातो आणि शेवटी बोटच धरावी लागते, कारण १८९८ पासून त्या बेटावर मोटारींना बंदी आहे.

२० जानेवारी

चौथा भागीदार घ्यायचा विचार होता. दादाच्या ऑफिसातला एक मुलगा फार उत्सुक आहे, पण तो एच-वन-बी व्हिसावर आहे. अमेरिकेत विमान नोंदवायचं तर मालक नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक लागतो, आणि सहमालक असतील तर प्रत्येकाला हीच अट. दादाकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे त्याचं नाव लागतं.

मग कंपनी काढून तिच्या नावावर विमान घेऊ, असं दादा म्हणाला. तिथे नियम आणखी कडक निघाला: कंपनी अमेरिकी ठरायला अध्यक्ष नागरिक, संचालकांपैकी दोन तृतीयांश नागरिक आणि मतांचा ७५ टक्के हिस्सा नागरिकांच्या हातात लागतो. दादाचा एक तृतीयांश हिस्सा धरला की मास्तर आणि मी मिळून ६७ टक्क्यांवर अडकतो. म्हणून कंपनी नाही. तिघांच्या वैयक्तिक नावांवर सहमालकी. आपल्याकडच्या ज्या मंडळींची कागदपत्रं अजून वाटेत आहेत त्यांनी विमान शोधण्याआधी हे तपासावं. त्या मुलाला भाडेतत्त्वावरच्या क्लबची वाट मोकळी आहे, तिथे नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही.

३ फेब्रुवारी

कोणतं विमान, यावर आज दिवसभर खल. सेसना १७२ ला पहिली पसंती मिळणार हे उघड होतं. १९५६ पासून ४४,००० च्या वर बनलेलं, जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान. पंख वर, खालचा देश मोकळा दिसतो, दोन्ही बाजूंना दारं. पण प्रत्येक उड्डाणशाळेला तेच हवं असतं, त्यामुळे चांगलं १७२ आमच्या आकड्यात येत नाही. जे येतं ते बहुतेक १९७७ ते १९८० मधलं, ज्यात लायकमिंगचं ओ-३२०-एच२एडी इंजिन आहे. त्या इंजिनाच्या कॅमशाफ्ट आणि टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांच्या) झिजेचा इतिहास मेकॅनिक लोकांना तोंडपाठ आहे. योग्य काळजी घेतलेली इंजिनं चालतात, पण कमी पैशात तो धोका नको.

पायपर चेरोकी १८० वर मत स्थिर होतंय. १८० अश्वशक्तीचं लायकमिंग ओ-३६०, स्थिर चाकं, पात्यांचा कोन न बदलणारा पंखा. आत ओढता येणारी चाकं असली की वेग वाढतो, पण विमा आणि देखभाल दोन्ही महागतात.

वजनाचं गणित मांडलं. चेरोकीचं कमाल वजन २,४०० पौंड. जी विमानं पाहतोय त्यांचं रिकामं वजन १,४०० च्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे हातात १,००० पौंड. टाक्या पूर्ण भरल्या तर ५० गॅलन, गॅलनला ६ पौंड, म्हणजे ३०० पौंड गेले. उरलेल्या ७०० पौंडांत चार मोठी माणसं कशीबशी बसतील, बॅगा घरी. पण टाकीच्या तोंडातून आत एक धातूची पट्टी दिसते. इंधन तिच्यापर्यंतच भरलं तर साधारण ३५ गॅलन होतात. तासाला साडेनऊ गॅलन धरून राखीव पाऊण तास सोडला तरी पावणेतीन-तीन तास मिळतात, आणि माणसं-सामानासाठी ८०० पौंड. टूरिंगमध्ये ही मोकळीक वेगापेक्षा मोलाची.

एक अडचण आहेच: चेरोकीला एकच दार, तेही उजवीकडे, आणि पंखावर चढून आत उतरावं लागतं. जूनमध्ये मावशी साताऱ्याहून येणार आहे आणि तिचे गुडघे दुखतात. दादाने तिला व्हिडिओ दाखवला. ती म्हणाली, "एसटीच्या पायरीएवढंच आहे की रे, चढेन मी." तो मुद्दा तिथेच निकालात निघाला.

१७ फेब्रुवारी

दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळचं एक चेरोकी. फोटो बघून तिघंही हरखलो: नवा रंग, नव्या चामड्याच्या सीट, पॅनेलवर काट्यांऐवजी डिजिटल स्क्रीन. जाहिरातीत ठळक अक्षरांत "ओव्हरहॉलनंतर फक्त ३१० तास". लायकमिंगच्या शिफारशीप्रमाणे या इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून झिजलेले भाग बदलणं, २,००० तासांनी करतात, त्यामुळे ३१० हा आकडा सोन्यासारखा वाटतो.

मास्तरांनी लॉगबुकच्या प्रती मागवल्या आणि तास बघायच्या आधी तारखा बघितल्या. ओव्हरहॉल २००४ मधलं. पहिल्या तीनेक वर्षांत बरंच उडलं, मग नोंदी विरळ होत गेल्या. शेवटची सहा वर्षं तर वार्षिक तपासणीपासून वार्षिक तपासणीपर्यंत आठ-दहा तासांपलीकडे काही नाही. लायकमिंगची शिफारस २,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते, अशी आहे. खासगी वापरात ती कायद्याने बांधत नाही, पण तिच्यामागचं कारण खरं आहे.

ते कारण मला आज नीट समजलं. या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला असतो. इंजिन बंद झालं की तेल निथळून खाली जातं आणि कॅम उघडा पडतो. जळणातून तयार झालेलं पाणी आणि आम्लं आतच राहतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी तासभर उडालं की तेल तापतं, पाणी वाफ होऊन जातं आणि कॅमवर नवा थर चढतो. सहा-सहा महिने उभं राहिलं, त्यातून समुद्राची हवा, की कॅमच्या उंचवट्यांवर बारीक गंज धरतो. पुढे कधी इंजिन चालू झालं की तो गंज सँडपेपरचं काम करतो. वापरातल्या विहिरीचं पाणी चांगलं राहतं, तेच इथे.

आणि हा कॅम सहज दिसत नाही. सिलिंडर उतरवल्याशिवाय त्याच्यापर्यंत नजर पोचत नाही. मालकाने सिलिंडर काढायला नकार दिला. त्याच्या जागी मीही कदाचित दिला असता. पण प्लगच्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे नळीवरचा बारीक कॅमेरा, घालू दिला. तिथल्या मेकॅनिकने पाठवलेल्या चित्रांत सिलिंडरच्या भिंतींवर तपकिरी खड्डे स्पष्ट दिसतात. या इंजिनाचं ओव्हरहॉल आज ३५ ते ४० हजारांत जातं. नव्या रंगाखाली आम्ही तेवढं कर्ज विकत घेणार होतो. नाही म्हटलं.

२ मार्च

शोधाचा निकष बदलला. आता जाहिरातीतला "ओव्हरहॉलनंतरचे तास" हा आकडा आम्ही शेवटी बघतो. आधी बघतो ते गेल्या तीन वर्षांत दरमहा किती उडलं. तास जास्त पण सतत उडणारं विमान स्वस्त मिळतं, कारण बाजार तासांना घाबरतो.

पण खूप उडलेलं म्हणजे सरसकट चांगलं असंही नाही. उड्डाणशाळेतून आलेल्या दोन आर्चर (चेरोकीचंच पुढचं रूप) बघितल्या. एप्रिल २०१८ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचजवळ प्रशिक्षणाच्या एका पायपर अ‍ॅरोचा पंख हवेत निखळला आणि आतले दोघे गेले. पंखाच्या मुख्य स्पारच्या, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईच्या, खालच्या बोल्टभोकाशी थकव्याची चीर होती. त्यानंतर एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, २०२१ पासून पायपरच्या अनेक मॉडेलांना एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने धातूतली चीर शोधणारी) सक्तीची केली, आर्चरही त्यात येते. तपासणी कधी लागू होते त्याचं सूत्र फार बोलकं आहे: दर १०० तासांच्या तपासण्यांची संख्या गुणिले १००, अधिक उरलेले तास भागिले १७. शंभर तासांची तपासणी पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या विमानांनाच लागते. म्हणजे शाळेतला एक तास खासगी वापराच्या सतरा तासांइतका धरलाय. विद्यार्थ्यांच्या आदळआपटीच्या लँडिंगा स्पारच्या लक्षात राहतात.

तर हवंय ते असं: एकाच माणसाने, स्वतःच्या प्रवासासाठी, नियमित उडवलेलं.

१६ मार्च

सापडलं बहुतेक. इंडियानातल्या एका छोट्या विमानतळावर १९६७ चं चेरोकी १८०. मालक सत्तरी ओलांडलेले शेतकरी, वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र संपत आलंय म्हणून विकतायत. इंजिन ओव्हरहॉलनंतर १,७४० तासांवर. मागणी ६८,०००. रंग उन्हाने पार फिकट, सीटचं कापड जुनं, पॅनेलवर गोल काट्यांची घड्याळं. एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाची जागा सतत प्रसारित करणारं यंत्र, बसवलेलं आहे. २०२० पासून कोलंबससारख्या नियंत्रित हवाई क्षेत्रात त्याशिवाय शिरता येत नाही, त्यामुळे तो खर्च वाचला.

लॉगबुक वाचताना मात्र बरं वाटलं. एकाच वळणाचं बारीक अक्षर वर्षानुवर्षं. तेल बदललं, फिल्टर कापून बघितला, धातू नाही. पुन्हा तेच. पुन्हा तेच. जानेवारीच्या थंडीतही नोंदी आहेत, आणि प्रत्येकीत इंजिन आधी गरम केल्याची टीप. नातवंडांना भेटायला ते पंधरवड्याला इलिनॉयला जातात.

ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या नोंदणी कार्यालयातून विमानाची संपूर्ण फाइल मागवली. त्यात १९८१ चा मोठ्या दुरुस्तीचा फॉर्म ३३७ निघाला: वादळात उलटायला आलेलं, डाव्या पंखाचं टोक आणि एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) बदलले. लॉगबुकमध्येही तीच नोंद, त्याच तारखेची. कागद एकमेकांशी जुळतात तेव्हा जुना अपघात फार त्रास देत नाही. मालकीवर बोजा नाही हेही टायटल कंपनीकडून (मालकीहक्काचे कागद तपासणाऱ्या) लेखी घेतलं, शंभरेक डॉलरांत.

२३ मार्च

प्री-बाय, म्हणजे खरेदीआधीची तपासणी. मेकॅनिक आम्ही शोधला, शेजारच्या काउंटीतला, पायपरवर हात बसलेला आणि या विमानाला आजवर कधीही हात न लावलेला. विकणाऱ्याचा नेहमीचा मेकॅनिक कितीही सज्जन असला तरी तो स्वतःचंच काम तपासत असतो.

काही लोक प्री-बायऐवजी थेट वार्षिक तपासणीच करून घेतात, पैसे वाचतात म्हणून. मास्तरांनी स्पष्ट नको म्हणून सांगितलं. वार्षिक तपासणी एकदा सुरू झाली की सापडलेला प्रत्येक दोष अधिकृत होतो, आणि विमान अजून दुसऱ्याचं असताना ते जमिनीवर अडकू शकतं. आधी प्री-बाय, सौदा झाला की तीच पुढे वार्षिकमध्ये बदलायची.

मी दिवसभर तिथेच उभा होतो. आधी इंजिन तापवून आणलं, मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाने हवा सोडली, किती दाब टिकतो ते बघायला. चारपैकी तीन सिलिंडर ७६, ७८, ७७ वर थांबले. तिसऱ्या क्रमांकाचा मात्र ६४ वर. मेकॅनिकने मला खुणेने बोलावलं. कार्बोरेटरशी कान लावला, काही नाही. तेल भरायच्या नळीशी, अगदी थोडं. मागे जाऊन एक्झॉस्ट पाइपच्या तोंडाशी वाकलो आणि सुस्पष्ट फुसफुस ऐकू आली. तेलाच्या नळीत हवा आली असती तर रिंगा झिजलेल्या. एक्झॉस्टमध्ये आली म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. बोअरस्कोपमध्ये बाकी तिन्ही व्हॉल्व्हच्या तोंडावर मधोमध गोल, सारख्या रंगाचे ठसे होते. तिसऱ्याच्या कडेला एका बाजूला फिकट चंद्रकोर. तिथे तापतोय.

तेलाचा फिल्टर कापला. घड्या कात्रीने सोडवून पांढऱ्या कागदावर पसरल्या, दिव्याखाली धरल्या, वरून चुंबक फिरवलं. कार्बनचे काळे कण, धातूची चमक कुठेही नाही. १,७४० तासांच्या इंजिनाकडून याहून जास्त मागता येत नाही.

मागची सीट काढून स्पारचा भाग, टाक्यांच्या मागचा स्पार, शेपटीचे बिजागर: गंज नाही, एका जागी जुना झिंक क्रोमेट (गंजरोधक थर) अजून हिरवा. मफलरवरचं पत्र्याचं आवरण काढलं, कारण केबिनची ऊब त्याच्याभोवतालच्या हवेतूनच येते आणि मफलरला चीर गेली की कार्बन मोनॉक्साइड थेट आत. तिथे एक केसाएवढी चीर सापडली. ओहायोच्या हिवाळ्यात हीटर लावून उडणाऱ्या कुटुंबासाठी ही या दिवसाची सगळ्यात मोलाची नोंद.

३० मार्च

बोलणी. आम्ही यादी समोर ठेवली: मफलर, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह, डाव्या चाकाच्या स्ट्रटची (धक्के सोसणाऱ्या दांड्याची) सीलं. मालकांनी मफलरचं ऐकताच खुर्ची पुढे ओढली. नातवंडं याच विमानात बसतात. घासाघीस झालीच नाही. किंमत ६३,५०० ठरली, दुरुस्त्या आमच्याकडे.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सह्या आज. सगळे कागद काल तयार होते, पण कालची अमावास्या, त्यातून ओहायोवरून जाणारं खग्रास सूर्यग्रहण, मावशीने फोनवर बजावलं होतं, "ग्रहणात व्यवहार नको रे बाबांनो." आमच्या बँकेलाही एक दिवस जास्तच हवा होता.

पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत त्रयस्थाकडे, विक्रीपत्र आणि नोंदणी अर्ज टायटल कंपनीकडे. नोंदणीची फी फक्त ५ डॉलर.

भागीदारीचा करारनामा त्याआधीच केला होता, वकिलाकडून. महिन्याला प्रत्येकी १९० डॉलर: हँगर, विमा, वार्षिक तपासणीसाठी बाजूला. उड्डाणाच्या तासाला २५ डॉलर इंजिनाच्या खात्यात, इंधन ज्याचं त्याने. बाहेर पडायचं असेल तर बाकी दोघांना नव्वद दिवसांचा पहिला हक्क, किंमत त्रयस्थाने ठरवायची. लांबच्या टूरसाठी सलग पाच दिवस, आणि दिवाळीच्या आठवड्यावर दरवर्षी आळीपाळीने हक्क. हा शेवटचा मुद्दा दादाचा, मास्तरांनी त्याच्या बदल्यात थँक्सगिव्हिंग लिहून घेतलं.

२० एप्रिल

विमान घरी आलं. मफलर नवा, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जागच्या जागी घासून बसवला, आता ७५. विमा कंपनीने दादाला आणि मला प्रशिक्षकासोबत प्रत्येकी दहा तासांची अट घातली आहे, म्हणून आज आणताना डावीकडे, वैमानिकाच्या सीटवर, मास्तर.

माझ्याकडे इंधन कोणत्या टाकीतून घ्यायचं ते बदलत राहायचं काम होतं. सेसनात "दोन्ही" अशी खूण असते, चेरोकीत नाही. डावी किंवा उजवी. दर अर्ध्या तासाला बदलायची, नाहीतर एक पंख जड होत जातो आणि विसरलात तर इंधन असूनही इंजिन थांबतं. ट्रिमचं (नाकाचा वर-खाली तोल साधण्याचं) हँडल डोक्यावर छताला आहे, मोटारीची काच खाली करायच्या हँडलसारखं दिसणारं. हात लवकर सरावतो.

१५ जून

पहिली टूर: पुट-इन-बे, लेक ईरीतलं साउथ बास बेट. साधारण शंभर नॉटिकल मैल, पन्नास मिनिटं. इंधन पट्टीपर्यंत, दादा, वहिनी, मावशी आणि मी. मावशी पंखावर चढली, वरचं हँडल धरलं आणि आधी सीटवर बसून मग पाय आत घेतले. ही युक्ती आम्हाला कुणाला सुचली नव्हती. तेव्हापासून सगळ्यांना तसंच बसवतो. धावपट्टी तीन हजार फुटांच्या आत आहे, म्हणून चार माणसांचं वजन आणि उन्हाळ्याची हवा धरून उड्डाणाचं अंतर आदल्या रात्रीच काढून ठेवलं होतं.

खर्चाचा ताळा: विमान ६३,५००, तपासणी आणि कागद १,६००, दुरुस्त्या ३,४००, विमा २,२००. पहिल्या वर्षाचं हँगर वजा करून बँकेत अजून सोळा हजारांच्या वर आहेत. ओव्हरहॉलच्या निम्म्यालाही ते पुरत नाहीत, पण तासाचे २५ डॉलर रोज त्यात पडतायत, आणि इंजिन उडतंय.

पुढची कामं: पन्नास तासांचं तेल आणि फिल्टर, या वेळी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. कार्बन मोनॉक्साइडचा डिजिटल मापक पॅनेलवर बसवायचा. तिसरा सिलिंडर सप्टेंबरमध्ये पुन्हा बोअरस्कोपखाली. मॅकिनॅकची तारीख ऑगस्टचा दुसरा आठवडा, मास्तर आणि त्यांच्या सौभाग्यवती; तेव्हा विमान त्यांचं.